सुरी खाली ठेवणारा पोरगा

आष्ट्यात मी ज्यांच्याकडे दाढी करतो, त्या सलूनवाल्या काकांना इंग्रजी येत नाही. तरी वाया गेलेल्या पोरांचा एक जुना, काळापांढरा अमेरिकन सिनेमा ते दर रविवारी टीव्हीवर आवाज बंद करून लावतात आणि सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलतात. त्यांचा फौजदार सुरी उगारलेल्या पोराला म्हणतो, "सुरी ठेव खाली गड्या, आय वाट बघतीया." तेवढा वेळ वस्तरा माझ्या गळ्याशी थांबलेला असतो. मग सिनेमा संपायच्या आतच टीव्ही बंद.

"फुडं पोरगं घरी जातंय," काका सांगतात.

परवा मी तो सिनेमा मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिला. आज म्हणालो, "काका, पोरगा मरतो की शेवटी."

काकांनी माझ्या गालावर सावकाश तुरटी फिरवली. "आवं गुर्जी, तुमच्या मोबाइलात मरत आसंल. हितं न्हाई मरत."