स्टीअरिंगवरचं एक बोट

आमच्या खोऱ्यात समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीत. ओळख असो नसो, भांडण असो नसो. बोट न उचलणारा एक तर परगावचा, नाही तर घमेंडखोर. अर्विड टोलेफ्सन यांपैकी कुणीच नव्हता. एकतीस वर्षं त्यानं ग्रेडर चालवून नदीकाठचे खडीचे रस्ते सपाट ठेवले, आणि एवढ्या वर्षांत त्यानं जितक्या वेळा बोट उचललं, तितके शब्द काही तोंडातून काढले नसतील.

दर जूनमध्ये त्या रस्त्यांवर सायकलवाले येतात. हेल्व्हिगच्या चर्चपासून निघायचं, नदी धरून खाली जायचं, तीन गावं ओलांडून टेकडीवरून परत यायचं. साठ मैलांची शर्यत. शहरातली माणसं मुद्दाम खडीवर सायकल हाणायला येतात, हा अर्विडला आधी खुळचटपणा वाटे. पण ते त्याच्या रस्त्याची तारीफ करत, आणि ती आम्ही कधी केली नव्हती. मग शर्यतीच्या आदल्या दिवशी तो सगळ्या वाटेवर मुद्दाम पुन्हा ग्रेडर फिरवू लागला.

दोन वर्षांपूर्वी, चाक फुटून बसलेली एक बाई त्याला वाटेत दिसली. गावात सोडतो म्हणाला, तर ती दोनदा "नको" म्हणाली. आमच्याकडे पहिले दोन नकार शिष्टाचाराचे असतात, तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. त्यामुळे यानं तिची सायकल उचलून पिकअपमध्ये टाकलीच. बाई गावात उतरली ती रडतच. नियम असा, की वाटेत बाहेरच्या माणसाची मदत घेतली की शर्यतीतून बाद.

शर्यत भरवणारी डेनीस आमच्या शाळेत शिकवते. ती चारचौघांत त्याला म्हणाली, "अर्विड, वर्षभर घाम गाळला होता हो तिनं! पुढच्या वेळी नुसतं बोट उचला आणि पुढं चला." आम्ही सगळे खो खो हसलो. अर्विडही हसला, पण ते त्याच्या फार मनाला लागलं. लोकांच्या कामात लुडबुड केली, यापेक्षा मोठी नाचक्की आमच्याकडे नाही.

गेल्या जूनमध्ये शर्यतीच्या दिवशी मरणाचं ऊन होतं. नदीकडची रस्त्याखालची मोरी तुंबलीय का, ते बघायला अर्विड निघाला होता. उताराच्या पायथ्याशी झाडाखाली एक माणूस बसला होता, सायकल गवतात आडवी. त्यानं हात वर केला. अर्विडनं गाडी हळू केली. माणसाचा चेहरा लालभडक दिसत होता. थांबावं असं अर्विडला वाटलं, आणि मग डेनीसचं बोलणं आठवलं. त्यानं एक बोट उचललं आणि तो पुढे गेला.

दीड तासानं मागच्या सायकलवाल्यांना तो माणूस तिथंच मेलेला सापडला. ग्रँट हॅलोरन त्याचं नाव. हृदय बंद पडलं होतं. त्या वेळी त्या वाटेनं कुणी गेलंच नाही, असं गावानं धरून चाललं. अर्विडनं खरं काय ते फक्त बायकोला, लोरेनला सांगितलं.

"कुठं बोलू नकोस," ती म्हणाली. "मेलेला उठून येणार नाही, आणि आपल्याला याच गावात राहायचंय."

वर्षभर त्याला घास गोड लागला नाही.

यंदा ग्रँटची बायको मॉरीन आली, त्या झाडापाशी पांढरा लाकडी क्रूस रोवायला. आधी चर्चच्या तळघरात कॉफी आणि सँडविच मांडले होते. तिनं सगळ्यांना एकच विचारलं, "शेवटी त्याला कुणी पाहिलं का हो? एवढं कळलं तरी मला पुरे."

लोरेननं टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा घट्ट दाबला. अर्विड उठून उभा राहिला.

"मी पाहिलं, बाई. त्यानं हात केला. मी बोट उचललं. आणि गेलो."

"त्यानं कसा हात केला?"

त्यानं करून दाखवला. तळवा उघडा, खांद्याच्या जरा वर, दोनदा हलवलेला.

मॉरीननं तो हात नीट पाहून घेतला. "आमच्या शहरात अनोळखी माणसाला कुणी हात करत नाही," ती म्हणाली. "ग्रँटनं तर वीस वर्षांत शेजाऱ्यालाही कधी केला नाही."

तिनं कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. क्रूस तिच्या गाडीतच राहिला. अर्विड उभाच होता, आणि हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हसलेले आम्ही सगळे तिथंच होतो.

तेव्हापासून कुणी बोट उचललं की अर्विड गाडी थांबवतो, काच खाली करतो.

"काय झालं? बरं आहे ना?"

"अरे बाबा, नुसतं बोट केलं!" शेजारचा हाल्वर एकदा ओरडलाच. "गाई दूध काढायच्या थांबल्यात माझ्या!"

"नक्की ना?"

"नक्की रे!"

"नक्की बरा आहेस ना?"

तीनदा विचारल्याशिवाय तो सोडत नाही. पहिला महिना लोकांनी सोसलं, मग वैतागले. आता त्याचा पिकअप वळणावर दिसला, की आम्ही दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरतो आणि सरळ समोर बघत निघून जातो.