वाकळेला जुळणारा रंग

माझ्या लातूरच्या घरात बेडरूमची भिंत बदामी आहे. कुणी विचारलं तर मी सांगते, शांत रंग आहे, डोळ्यांना बरा वाटतो. साफ खोटं. बदामी रंग मला जन्मात कधी आवडला नाही. तो का लावला ते मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलंय, आणि तेही त्यानं खोदून खोदून विचारल्यावर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हा फ्लॅट घेतला. नवऱ्याची नोकरी नांदेडला, तो शनिवारी येतो. माझी शाळा लातुरात. त्याआधी सहा वर्षं भाड्याच्या घरांत काढली. आम्ही बौद्ध, पण आडनावावरून ते कळत नाही, मग घरमालक आडून आडून विचारायचे. कुलदैवत कोणतं तुमचं? माहूरला जाता का हो दरवर्षी? एका मालकिणीनं तर चहा पाजला, किल्ली हातात दिली, आणि सामान उतरताना आमच्या घरातल्या दोन तसबिरी दिसल्या तशी किल्ली परत मागितली. म्हणे पुतण्याला जागा लागणार आहे. तो पुतण्या अजून काही त्या घरात राहायला आलेला नाही, मी येता-जाता बघते.

हे मी माझीच कड घ्यायला सांगतेय, कळतंय मला. पण पुढचं ऐकल्यावर माझी कड कुणी घेईल असं वाटत नाही.

घर झालं म्हटल्यावर मुखेडकडच्या आमच्या गावी माझ्या मायनं वाकळ शिवायला घेतली. शहरात गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. चार महिने तिचा धावदोरा चालला होता. मायचा एक नियम होता, वाकळंत नवं कापड घालायचं नाही. "नव्या कापडात कुणी नसतंय," ती म्हणायची, "ते पांघरून काय करावं?" ह्या वाकळंत सगळे होते. दर जयंतीला माय नेसायची त्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या, माझा शाळेचा निळा स्कर्ट, आणि बरोब्बर मध्ये माझ्या बापाच्या निळ्या फेट्याचा चौकोन. जयंतीच्या मिरवणुकीत तो फेटा बांधून बाप असा काही चालायचा की वर्षभर दुसऱ्याच्या रानात वाकणारा माणूस हाच का, असं वाटावं. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

ती वाकळ घेऊन माय स्वतः एसटीनं आली. त्या दिवशी पेंटर चाचा पुट्टी उरकून शेडकार्ड उघडून बसले होते.

"चाचा, रंग असा लावा की माझी वाकळ उठून दिसली पायजे," माय म्हणाली.

चाचांनी वाकळ पलंगावर अंथरायला लावली, चष्मा पुसला आणि कार्डाचं एकेक पान तिच्यावर धरायला लागले. हिरवा धरला. "नै." गुलाबी धरला. "छे छे, नै." मग एक फिकट निळा धरला आणि स्वतःच खूश झाले. "देखो मॅडम, इसको यहीच जमता. एक भिंत निळी मारतो, बाकी तीन पांढऱ्या. साडीच्या काठासारखं दिसतंय का नै बघा!"

माय लहान पोरीसारखी हसली. "हाव, लई झ्याक दिसंल. तुझा बाप पायजे होता हे बघाया."

मलाही तो रंग आवडला होता. खरंच आवडला होता. हो म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आत आल्या. वाईट बाई नाही. नळाला पाणी आलं की दार वाजवून सांगते, आणि लातुरात एवढं करणारी शेजारीण मिळायला नशीब लागतं.

"अय्या, निळा?" त्या म्हणाल्या. "निळा नका बाई लावू. खिडकीतून रस्त्यापर्यंत दिसतो. उगीच लोकांना काहीतरी वेगळंच वाटायचं." आणि माझ्याकडं बघून हसल्या. आपल्यातल्याच बाईकडं बघून हसावं तसं.

मीही हसले. "छे हो, मी कुठं लावतेय? चाचाच मागं लागलेत. मी बदामी म्हणतेय."

बदामीचा तोवर कुणी विषयही काढला नव्हता. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग मायकडं, आणि गुपचूप पान उलटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वहिनींची नजर पलंगावर गेली. "कित्ती सुंदर गोधडी! कुठून मागवली?"

माय खाली बसून लसूण सोलत होती. तिनं हातातली पाकळी ताटात ठेवली, पदराला बोटं पुसली आणि मान वर केली. मी आता सांगणार, म्हणून ती थांबली होती.

"गावाकडं एक बाई आहे," मी म्हणाले. "ती शिवून देते."

आईनं शिवली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, एवढ्या पांढऱ्या साड्या कशा, आणि सगळ्यांना निळाच काठ कसा? गणितात मी कायम काठावर पास झालेली. पण हा हिशेब मला अर्ध्या क्षणात जमला.

"छानच शिवते हो," वहिनी म्हणाल्या. "पण असल्यांत कुणाकुणाचे जुने कपडे असतात. एकदा गरम पाण्यातून काढूनच घ्या."

बोलली ती माय.

"धुतलीय," ती म्हणाली. "दोनदा धुतलीय." आणि मग, माझं सावरून घ्यायला, "ती बाई लई सवच्छ हाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. घेतलं नाही. मी उठून वहिनींसाठी चहा टाकला.

त्या गेल्यावर मी मायजवळ बसले. "माय, तसं नव्हतं गं, मी..."

"ऱ्हाऊ दे बाई. तुला हितं दिवस काढायचेत." तिनं लसणाचं ताट पुढं ओढलं. दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मी तिचे उपकार मानले असते.

तिसऱ्या दिवशी बदामीचा दुसरा हात झाला. मायनं पिशवी भरली आणि वाकळेची घडी घालून गाठोडं बांधलं. "ह्या रंगाला ती जुळत न्हाई. नेते मी."

ते गाठोडं मी तिच्या हातातून हिसकावून घ्यायला हवं होतं. मी काय म्हणाले? "बरं, पुढच्या वेळी आण." ते उचलून बस स्टँडपर्यंत मीच नेलं. आणि एसटी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं. ह्याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त वाटते.

शनिवारी नवरा आला. "वाकळ कुठंय?" आधी थापा मारल्या, मग सगळं सांगितलं. त्यानं भिंतीकडं बघितलं. "सोमवारी वर्गात काय शिकवणार आहेस?" एवढंच म्हणाला. मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. मी त्याच्यावरच खेकसले, तुझं काय जातंय, तू आठवड्यातून एकदा येतोस! चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला.

त्याच संध्याकाळी त्यानं खिळे ठोकून दोन्ही तसबिरी हॉलमध्ये दारासमोरच लावल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, त्यांनी बघितल्या, जरा थबकल्या. म्हणाल्या, "पाणी आलंय." आजही पाणी आलं की सांगायला येतात. पूर्वीसारख्या आत येऊन बसत नाहीत, पण येतात. झालं काय, तर एवढंच. आणि एवढ्यासाठी मी माझ्या मायला 'एक बाई' करून टाकलं होतं.

चार-पाच महिन्यांनी एसटीतून एक पार्सल आलं. उघडलं तर वाकळ. टाके मायचेच, ओळखू येत होते. पण कापड बदामी, साईच्या रंगाचं, कुठं फिकट तपकिरी. सगळं कोरं करकरीत, मुखेडच्या बाजारातून घेतलेलं. निळा धागासुद्धा कुठं नव्हता. पलंगावर टाकली तर भिंतीशी अशी जुळली की चाचांनीही शाबासकी दिली असती. ते तीन दिवस माय ती भिंत नीट बघून घेत होती तर.

मी फोन लावला. "माय, ती आधीची पाठव ना. निळी."

"ती आता मी पांघरून राहिले. हितं कोण बघाया येतंय?" माय म्हणाली. मग हौसेनं सांगायला लागली. "आन ही समद्या नव्या कापडाची हाय बरं का. कुणाच्या अंगाला लागलेलं न्हाई. समोरच्या बाईला सांग, धुवायची गरज न्हाई."

आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते. टोमणा नव्हता.

"भिंतीला जुळली का गं?" तिनं विचारलं.

"जुळली," मी म्हणाले.