रोवेनाबाई आणि पुढचं फाटक

रोवेनाबाई रोज सकाळी सव्वासहाला छत्री उघडून शाळेला निघत आणि वाटेत भेटेल त्याला मनातल्या मनात नापास करत जात. बँकॉकच्या थोनबुरी भागात, कालव्याकाठच्या खोलीपासून शाळेपर्यंत पंचवीस मिनिटांची वाट; आठ वर्षं हाच क्रम. बाई फिलिपिन्सच्या, बातांगासकडच्या. तिथे सतरा वर्षं इंग्रजी शिकवून इथे आलेल्या. वय एकावन्न, अंगानं काटक, जीभ त्याहून काटक.

फुटपाथच्या फरशांवर पाय पडला की खालचं काळं पाणी पोटरीवर उडे. कुठली फरशी दगाबाज आहे हे बाईंना पाठ होतं. नगरपालिकेला नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बसत. त्यातला प्रायून न चुकता हाक मारी.

“बाई, आजही पायीच? बसा मागं, दोन मिनिटांत सोडतो.”

“कुठं, शाळेत की दवाखान्यात?”

पुढे बुआलोयमावशी कोळशावर मांसाच्या काड्या भाजत असायची. “वाळलात हो बाई,” असं ती आठ वर्षं म्हणत होती. तसं असतं तर बाई एव्हाना दिसेनाशा झाल्या असत्या. आणि मावशीच्या गाडीच्या वर, भल्यामोठ्या फलकावर, शाळेची जाहिरात: ‘परदेशी शिक्षकांकडून इंग्रजी’. त्यावर अंगठा वर करून हसणारा गोरा ब्रेंट.

या ब्रेंटनं एकदा शिक्षकांच्या खोलीत बाईंना विचारलं होतं, “क्रियाविशेषण म्हणजे नक्की काय असतं गं?” त्याच्या तासांची टिपणं बाई लिहीत. पालकसभेत त्यानं करायचं भाषणही बाईंनीच लिहिलं होतं. फलकावर मात्र बाई नव्हत्या. त्यांचा चेहरा इथल्या कुठल्याही बाईसारखा. तोंड उघडेपर्यंत कुणाला त्या परक्या वाटत नसत. आणि टिपणांना नाही म्हणायला आपण तोंड उघडलं नाही, याबद्दल बाईंनी स्वतःलाही कधीच पास केलं नव्हतं.

पालकसभेच्या आदल्या दिवशी संचालिका दुआंगचाय मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम हसल्या, की बाईंना पुढचं कळायचं.

“बाई, उद्या जरा मागच्या फाटकानं याल? खानावळीकडून? पुढं पालक असतील. त्यांना वाटतं, परदेशी शिक्षक म्हणजे... तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय. परदेशी असून परदेशी दिसत नाही, ही माझीच चूक.”

“तसं नव्हे हो,” मॅडम म्हणाल्या. पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या गाडीपाशी ब्रेंट दिसला. पाठीवर हे एवढं बोचकं, हातात काडी, ओठांना तेल.

“रो! बरं झालं भेटलीस. मी चाललो. व्हिएतनामला. दुसरी नोकरी मिळाली, समुद्राकाठी. दहाला विमान आहे.”

“आज? आणि भाषण?”

त्यानं खिशातून घडीचा कागद काढला. त्यावर तेलाचे दोन डाग. “तूच कर ना. लिहिलंस तूच.”

“ते आठवतं होय तुला? मला वाटलं, तेही विचारशील.”

तो खदखदा हसला. त्याला टोमणा कधी लागतच नसे. मावशीनं त्याला वाटेसाठी चिकट भाताची पुडी बांधून दिली, ‘बिचारं पोर’ म्हणत. बाईंना त्या पुडीचाच सर्वांत जास्त राग आला.

कालव्याच्या पुलापाशी वाट फुटते: डावीकडे खानावळ, सरळ पुढचं फाटक. बाई पुलावर उभ्या राहिल्या. खालून उकिरड्याचा वास येत होता. मॅडमचं हसू आठवलं. आठ वर्षं आपण मुकाट्यानं मान डोलावली, आणि त्याची किंमत म्हणजे खानावळीचं दार! बाई सरळ गेल्या.

फाटकात मॅडम फुलांचा हार घेऊन उभ्या होत्या. बाईंना बघून हार खाली आला.

“ब्रेंट कुठाय?”

“विमानतळावर. नोकरी सोडून गेला.”

मॅडमचा चेहरा पिठासारखा झाला. तरी आधी सुचलं ते हेच: “अहो, पण तुम्ही मागून यायचं ठरलं होतं!”

“मागं भाषण ऐकायला कोण बसलंय? भांडी?”

मॅडमना दुसरा इलाज नव्हता. बाई मंचावर गेल्या, ‘माझं नाव ब्रेंट’ ही पहिली ओळ वगळली आणि उरलेलं खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेत एक आजोबा उठले. नाव सवांग, जन्मभर कालव्यात होडी चालवलेली, नात तिसरीत.

“भाषण झकास झालं,” ते मोठ्यानं म्हणाले. “पण ती परदेशी बाई कधी येणार?”

हशा पिकला. बाई त्यांच्याच भाषेत म्हणाल्या, “मीच ती आजोबा. माझं गाव समुद्रापलीकडं. याहून परदेशी हवी असेल तर चंद्रावरून मागवा.”

“मग गोरी कशी नाही?”

“उन्हातून चालत येते म्हणून.”

आजोबा सर्वांत आधी हसले. मॅडम सर्वांत शेवटी.

सभा संपल्यावर मॅडम जवळ आल्या. “निभावलंत हो बाई! पुढच्या खेपेला केस जरा सोनेरी केले तर?”

“केस राहू द्या. आजपासून दुसऱ्याची टिपणं मी लिहिणार नाही. आणि येणं-जाणं पुढून.”

“बघू,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे नाही. पण मागच्या फाटकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बारा दिवसांत नवा गोरा आला. त्याची टिपणांची वही तीन आठवडे कोरी राहिली, मग तो चुकतमाकत स्वतःच लिहू लागला. बाईंना चुका दिसत. त्या बघत आणि गप्प बसत. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

पालकसभेनंतरच्या सोमवारी वाटेतल्या देवळाच्या भिंतीपाशी सवांगआजोबा नातीचा हात धरून उभे होते.

“बाई, तुमच्याबरोबर चालू का? ही घरी इंग्रजीत पुटपुटते. मला शिव्या घालते की काय, कळायला हवं.”

“मी चालताना बोलत नाही.”

“मी बोलतो. तुम्ही चुका काढा.”

याला नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं. आजोबांनी रस्त्यातल्या कुत्र्याकडे बोट केलं. “डॉक.”

“डॉग. शेवटी ग.”

“तेच म्हणालो. डॉक.”

नात फिदीफिदी हसली.

दोन वर्षं झाली, तो ‘डॉक’ अजून ‘डॉक’च आहे. बाई म्हणतात, इतका मठ्ठ विद्यार्थी उभ्या जन्मात मिळाला नाही. आणि आजोबांना उशीर झाला, तर भिंतीशी उभ्या राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवत, त्यांची वाट बघतात.