आजींचं बोट आणि माझं तोंड

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले आणि शहाद्यात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करू लागले. माझा हात हलका आणि तोंड फटकळ, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते.

त्यातल्याच एका घरी ऐंशीच्या आजी होत्या. साखर, बीपी, हृदय, गुडघे, थायरॉइड, एकेका दुखण्याची वेगळी गोळी. मुलगा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात, सून शिक्षिका. दोघंही रात्री आठशिवाय घरी येत नसत. मी सकाळी जायची, साखर तपासायची, पायाच्या जखमेची पट्टी बदलायची. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. सहाला निघताना रात्रीच्या जेवणाआधीची साखरेची गोळी पाकिटातून काढून आजींच्या खुर्चीशेजारच्या डबीत ठेवायची.

पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची जखम काही भरेना. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. पंधरा दिवसांनी दाखवा."

मी कंबर कसली. घरातली साखर हद्दपार, गूळ हद्दपार. सुनेने चहासुद्धा कडू केला. तरी रोज सकाळी बोट टोचावं तर आकडा चढलेलाच! गोळ्या बरोबर संपत होत्या. म्हणजे म्हातारी चोरून गोड खातेय. दुसरं काय असणार? मी उशीखाली पाहिलं, देव्हाऱ्यामागे पाहिलं, धान्याच्या कोठीत हात घातला. हाताला पोरकिडे लागले, पेढा काही सापडला नाही.

"आजी, खरं सांगा, कुठे लपवलाय?"

"देवनी शप्पथ बाई, मी पेढा खादा नई."

"मग साखर काय वाऱ्यावरून येते? चोर आहात तुम्ही! सरळ चोर!" हे मी मुलासमोर म्हणाले. तोही आईकडे असा बघू लागला की आजींनी पदर तोंडाला लावला. माझं मात्र समाधान झालं, चोर पकडला म्हणून.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परतले. ओट्यावर आजींच्या खुर्चीपाशी शेजारची मारवाडी आजी बसलेली. ही तिची रोजची सवय, म्हणे. गट्ट्याची भाजी वाटीत घेऊन यायची आणि वाटी मोकळी होईपर्यंत गप्पा मारायची. आमच्या आजींनी वाटी पुसली, डबी उघडली, गोळी वाटीत टाकली आणि वाटी परत केली.

मी जागीच ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

आजी दचकल्यासुद्धा नाहीत. "रिकामी वाटी कशी धाडू ओ बाई? चिमूटभर साखर टाकत ऱ्हावू, ती तू बंद करी टाकी. मीठ दिधं ते भांडन व्हस. मन्हा गुडघा काय माले उठीसन रांधनीलोंग, चुलीपावत जावू देतस? हात पुरस तठे ही डबी शे."

"मग थायरॉइडची टाकायची होती!"

"ती सकायनी शे. आनि बारकी. वाटीमा शोभत नई."

मी शेजारणीकडे वळले. "आणि तुम्ही त्या गिळता काय?"

"नाही बाई. माझं आयुर्वेदिक चालू आहे. पण प्रेमानं दिलेलं नाही कसं म्हणायचं?" तिने घरातून पितळेची डबी आणली. सगळ्या गोळ्या आत. एकीने घेतल्या नाहीत, दुसरीनेही घेतल्या नाहीत, आणि बोट मात्र जायला निघालं होतं!

त्या दिवसापासून मी सहाला निघायचं बंद केलं. आजींच्या तोंडात गोळी गेलेली बघायची, मगच घरी. वाटीत घालायला सुनेने मूठभर शेंगदाणे खुर्चीपाशी ठेवले. साखर उतरू लागली. जखमेला गुलाबी कड आली.

डॉक्टरांनी दिलेले पंधरा दिवस भरले तसे आजी, त्यांचा मुलगा आणि मी नंदुरबारला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, निरखून पाहिलं. "बोट वाचलं. शाब्बास सिस्टर! पण आधी साखर इतकी का चढत होती?"

मी घसा खाकरला. काय सांगायचं ते जुळवत होते, तेवढ्यात आजीच बोलल्या, "मी पेढा खात ऱ्हावू. चोरीसन."

मैत्रिणीचं नाव निघू नये, म्हणून. आणि माझंही. डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. या वयात जीभ आवरत नाही का, मुलाला किती त्रास, सगळं. आजी मान खाली घालून ऐकत होत्या. मला ते बघवेना. उभ्या नोकरीत मी पेशंटवर ओरडले, माफी कुणाची मागितली नव्हती.

"डॉक्टर, यांनी पेढा खाल्ला नाही. एकही नाही. मीच न विचारता चोर ठरवलं." मग आजींकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आजी, चुकलं माझं."

आजींनी मान वर केली.

"जराखा जोरमा बोल," त्या म्हणाल्या. "मन्हा पोऱ्या भायेर बसेल शे."