राक्षसाच्या सुटातल्या माणसाबद्दल एक चिठ्ठी

मी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य पुस्तकातलं नव्हतं. ‘बंधू-भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?’ हे ते वाक्य. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात पप्पांनी मराठवाड्यात असताना लिहिलेली, वाटलेली, भिंतींवर चिकटवलेली पत्रकं होती. केंद्र सरकारची नोकरी लागली तेव्हा पप्पांनी लिहिणं सोडलं. ट्रंक मात्र सोडली नाही. माझी शाळा हिंदीतली, गल्ली हिंदीतली, त्यामुळे मराठी मी त्या ट्रंकेतून शिकले. ‘उंबरठा’ म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं. ‘एल्गार’ सहाव्या वर्षी येत होता.

हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते मला चुकीचं वाटलंच नाही. मला ते लिहिणं वाटलं.

करोल बागेत, गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानांमागे, एका इमारतीच्या तळघरात आमची वाचनखोली आहे. महाराष्ट्रातल्या लहान गावांतून स्पर्धापरीक्षेसाठी आलेली पोरं-पोरी तिथे दिवसभर बसतात. मीही तिथे बसून दोनदा प्रिलिम हरले आहे. रविवारी सकाळी टेस्ट सुटली की दुपारी आम्ही भिंतीवर चादर लावून सिनेमा पाहायचो. त्याचा एक नियम होता आणि तो मी केला होता: सिनेमा संपल्यावर कुणी बोलायचं नाही. आधी प्रत्येकानं आपलं मत एका चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव न घालता. चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात टाकायच्या, मग मी त्या मोठ्यानं वाचणार. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, असं माझं म्हणणं होतं. पप्पांच्या पत्रकांखालीही कधी नाव नसायचं. ‘एक जागृत नागरिक’ असायचं.

वाचलेल्या चिठ्ठ्यांतून मी चार पानांचं पत्रक काढायचे. त्याच्या झेरॉक्स वाटायचो आणि पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकायचो.

त्या रविवारी जुना, काळापांढरा, परदेशी सिनेमा होता. एक शास्त्रज्ञ तळ्यात कसलंतरी रसायन सोडतो आणि त्यातून खवल्यांचा, दोन पायांवर चालणारा राक्षस बाहेर येतो. गाव घाबरतं, लष्कर येतं, शेवटी राक्षसाला जाळतात. सिनेमाच्या जाणकारांत त्याचं फार नाव आहे. आमच्यात नव्हतं.

आमच्यातल्या एकाच्या गावचा एक मित्र तेव्हा मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात, गाड्यांना रंग देतात त्या पेंटशॉपला होता. आयटीआय झालेला, तिशीच्या आतला, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, तरी मला ‘ताई’ म्हणायचा. सुट्टीच्या रविवारी शेअर ऑटो आणि मग मेट्रो करून यायचा, मराठी ऐकायला मिळतं म्हणून. त्या दिवशी येताना त्यानं पेढे आणले होते.

“कशाचे?” मी विचारलं.

“अजून नक्की नाही, ताई. पण लिस्टमध्ये नाव आलंय. पुढच्या महिन्यात कंपनीच्या रोलवर घेतायत. साडेपाच वर्षं ठेकेदाराकडे काढली. रोलवर आलो की बायको-पोरीला आणतो इकडे. पोरगी शाळेला लागायचीय.”

“नक्की नाही तर पेढे कसले वाटतोस?” त्याचा मित्र म्हणाला. “उलटले तर?”

“उलटतील कसे? फक्त महिनाभर नीट राहायचंय. तोंड बंद, मान खाली.”

सगळे हसले. मी नाही हसले. ‘तोंड बंद, मान खाली’ हे मला झोंबलं. मनात मी त्याला उत्तर द्यायला सुरुवातही केली होती.

सिनेमा संपला, डबा फिरला. मी वाचू लागले. एकानं मुख्य परीक्षेच्या उत्तरासारखं लिहिलं होतं: पर्यावरणीय पैलू, प्रशासकीय पैलू, नैतिक पैलू, पुढील वाट. ‘राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते.’ ‘नायिकेला किंचाळण्याशिवाय काम नाही. मी मोजलं, अकरा वेळा.’ ‘आमच्या गावच्या तळ्यात साखर कारखान्याचं पाणी येतं, यापेक्षा भयानक दिसतं.’ ‘प्रिलिम जवळ आली आहे आणि आपण हे पाहतोय.’ एका मुलीनं फक्त ‘मला वाईट वाटलं’ एवढंच लिहिलं होतं.

मग ही चिठ्ठी आली. आता ती मला पाठ आहे:

‘सिनेमा थोडा लांबला. राक्षसाची भीती नाही वाटली. आत माणूस आहे हे कळतं. त्याला डोळ्यांच्या भोकातून नीट दिसत नसणार, तो चाचपडत पाय टाकतो. उन्हाळ्यात पेंटशॉपमध्ये आम्ही पण सूट घालतो, म्हणून कळलं. त्या माणसानं काम चांगलं केलंय. त्याचं नाव शेवटी आलं का? चहा छान होता.’

कुणीतरी म्हणालं, “अरे, ही तर मानेसर एक्सप्रेस!” तो लाजला. नियम मोडला म्हणून मी रागावले आणि पुढची चिठ्ठी उघडली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक करायला बसले. शेजारी वाचनखोलीतली मैत्रीण होती. ती म्हणाली, “यार, ती चहाची लाइन कट कर ना.”

चहाची लाइन मी काढली. ‘थोडा लांबला’ काढलं. त्या माणसानं काम चांगलं केलंय, हेही काढलं, कारण ते मला भाबडं वाटलं. लाल पेनानं त्याच चिठ्ठीवर, त्याच्या ओळींच्या मधून, मी लिहीत गेले. मला अजून आठवतं, हात थांबत नव्हता. बाकी सगळ्यांनी परीक्षा दिली होती, या एकानंच काहीतरी पाहिलं होतं. आणि त्यानं पाहिलेलं मला वाया जाऊ द्यायचं नव्हतं. छापून आलं ते असं:

‘राक्षस कोण? मानेसरच्या पेंटशॉपमधला एक कंत्राटी कामगार म्हणतो: आम्हालाही गुदमरवणाऱ्या सुटात कोंबलं जातं. आम्हालाही दिसू दिलं जात नाही. जाळला जातो तो राक्षस नव्हे. जिनं तळ्यात विष सोडलं, ती कंपनीच खरा राक्षस आहे. आम्ही किती दिवस चाचपडत चालणार?’

मी नाव घातलं नाही. मला वाटलं, नाव घातलं नाही म्हणजे झालं.

पप्पांनी ते जेवताना वाचलं. चष्मा वर केला आणि म्हणाले, “आता जमायला लागलं तुला.” त्या वाक्यानं मी आठवडाभर हवेत होते.

आमची पत्रकं एरवी वीसेक लोक वाचत. हे पसरलं. नोएडाच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेलं, गुडगावच्या ग्रुपवर गेलं. गुडगावच्या ग्रुपमध्ये पुण्याकडून बदली होऊन आलेले कारखान्यांतले लोक बरेच आहेत. त्यांतला एक त्याच पेंटशॉपचा सुपरवायझर होता. त्याच्या शिफ्टमध्ये मराठी कंत्राटी कामगार एकच होता.

दोन आठवड्यांनी गावच्या मित्रानं मला वाचनखोलीच्या जिन्यात गाठलं. “त्याचं नाव लिस्टमधून गेलं. गेटपास पण थांबवलाय. ठेकेदार म्हणाला, युनियनबाजी करनी है तो कहीं और करो. त्यानं काय युनियन केली, मला सांग?”

पुढच्या सकाळी मी मानेसरला गेले. तो एका चहाच्या टपरीमागे, भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत राहायचा. खोलीत तिघांच्या गाद्या गुंडाळलेल्या होत्या आणि भिंतीवर मुलीचा फोटो. तो रागावेल अशी मी तयारी करून गेले होते. पिशवीत एक कोरी वही पण होती.

“आपण याच्यावर लिहू,” मी म्हणाले. “तुला काढलं त्यावर. सगळे ग्रुप उचलतील. असं कसं काढतात?”

तो हात जोडून म्हणाला, “नको, ताई. आता माझ्यावर काही लिहू नका.” मग त्यानं विचारलं: “माझी चिठ्ठी आहे का तुमच्याकडे? मी लिहिलेली? ती असली तर सायबांना दाखवता येईल. कंपनी राक्षस आहे असं मी कुठं लिहिलंय?”

चिठ्ठी होती. मी सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवायचे, पप्पांच्याच ट्रंकेत. माझ्या लाल अक्षरांसकट ती तशीच होती. ती दाखवली असती तर सगळ्यांना कळलं असतं की आमच्या पत्रकातली मतं लोकांची नसतात, माझी असतात.

वाचनखोलीत मी चिठ्ठी दाखवायचं म्हटलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, “पागल आहेस का? पुन्हा कोण चिठ्ठी लिहील?” दुसरा म्हणाला, “मुद्दा तर बरोबरच होता ना? एका माणसासाठी मुद्दा सोडायचा?” हा मुलगा निबंधात कामगार कायद्यांवर चांगले मार्क घेतो. मी त्याला चिडून काहीतरी बोलले. पण खरं सांगायचं तर त्याचं वाक्य माझंच होतं.

चिठ्ठी घेऊन मी सुपरवायझरकडे गेले. तो गुडगावला एका सोसायटीत राहायचा. त्यानं घरात घेतलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठी उजेडात धरून वाचली.

“निळं त्याचं, लाल तुमचं?”

“हो. लाल सगळं माझं. त्याचा काही संबंध नाही.”

“अहो, पण खाली नाव कुठंय?”

“नाव घालायचं नसतं. तोच नियम आहे.”

“मग मी वर काय सांगू? तुम्ही आजही दोन रंगांत लिहून आणू शकता.” तो वाईट बोलत नव्हता. कंटाळलेला होता. “आणि खरं सांगू का, मॅडम? निळं पण काही फार बरं नाही. सुटाबद्दल आहेच ना त्यात. ते त्यानं बाहेर सांगायला नको होतं.”

मी उठले. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, “तो सिनेमा बघण्यासारखा आहे का? राक्षस शेवटी मरतो ना?”

“मरतो,” मी म्हणाले.

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

“छापायच्या आधी त्याला विचारलं होतंस?”

“नाही.”

“आम्हीही विचारायचो नाही,” ते म्हणाले आणि चिठ्ठी मला परत दिली. ट्रंक त्यांनी पायानं पलंगाखाली आत ढकलली. मला त्यांनी रागवायला हवं होतं. ते मोठ्या आवाजात बातम्या लावून बसले.

मी ठरवलं, निदान खरं तरी सगळ्यांसमोर यावं. पत्रकाचा पुढचा अंक मी फक्त एका पानाचा काढला. त्यात त्याची निळी चिठ्ठी अक्षर न् अक्षर छापली: लांबलेला सिनेमा, डोळ्यांची भोकं, सूट, त्या माणसाचं चांगलं काम, चहा. खाली लिहिलं की मागच्या अंकातलं मत या कामगाराचं नव्हतं, माझं होतं, मी त्याच्या तोंडी घातलं आणि त्यापायी त्याचं काम गेलं. त्याच्याखाली पहिल्यांदा माझं पूर्ण नाव घातलं. ते छापताना मला, आता लाज वाटते सांगायला, पुन्हा तेच हवेत असल्यासारखं वाटलं होतं.

कुणी फॉरवर्ड केलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर तीन अंगठे आले आणि त्यांच्या मागून कुणाच्यातरी मुलाच्या बारशाचे फोटो.

तो तोवर मानेसर सोडून राजस्थानच्या हद्दीवरच्या एका कारखान्यात, दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला होता. पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्याच्या मित्राकडून नंबर घेऊन मी त्याला ते पान पाठवलं. दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं. रविवारी आलं.

‘वाचलं ताई. आता बरोबर आहे. मी असंच लिहिलं होतं.’

मी टाइप करायला लागले. तेवढ्यात खाली आणखी एक आलं.

‘पण सगळ्यांना पाठवायच्या आधी मला विचारायचं होतं. इथं पण पेंटशॉपच आहे.’