नऊ हजारांचा चाकू आणि फोडीवाले आप्पा

फोडीवाले आप्पा हॉस्पिटलात कुणालाही बघायला जाताना हातात काही घेऊन जात नसत. लालबागच्या आमच्या चाळीतलं कुणी अॅडमिट झालं की बाकीची मंडळी सफरचंदं, मोसंबी, डाळिंबं पिशवीत भरून निघायची. आप्पांच्या खिशात तेवढा चाकू असायचा. ते पेशंटशेजारच्या स्टुलावर बसत, मांडीवर धुतलेला रुमाल पसरत आणि दुसऱ्यांनी आणलेल्या पिशवीतलं सफरचंद काढून सोलायला घेत. देठापासून बुडापर्यंत साल एकदाही न तुटता उतरायची. मग बारीक फोडी करून एकेक फोड पेशंटच्या हातात द्यायचे. ‘‘फळां सगळेच घेवन येतत गो,’’ ते म्हणत, ‘‘कापून कोण देता?’’

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते ज्याच्या घरातलं माणूस खाटेवर पडलंय त्याला विचारा. हाताला सलाइन लावलेला माणूस सफरचंद कापणार कसा? भेटायला आलेले ‘काळजी घ्या’ म्हणून पिशवी ठेवून जातात, पिशवीवर पिशवी चढते, आणि डिस्चार्जच्या दिवशी मऊ पडलेली फळं आयाबायांना वाटून माणूस घरी येतो.

चाळीत आप्पा दोन होते. एक सुतारकाम करायचे म्हणून सुतारआप्पा, आणि दुसरे हे. मूळचे कणकवलीकडचे. तरुणपणी माझ्या बाबांबरोबर गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि आप्पा भायखळ्याला फळांच्या वखारीत. कलिंगडावर टिचकी मारून ते आतून किती लाल आहे ते सांगायचे, आणि अंदाज चुकला तर कलिंगडावरच रागवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. खोली आमच्या शेजारची. त्यामुळे सकाळचा चहा आमच्याकडे आणि रात्रीची माशाची कढी त्यांच्याकडे, असा दोन्ही घरांचा मिळून एकच संसार होता.

माझी आई मी आठ वर्षांची असताना गेली. दहाव्या वर्षी मला कावीळ झाली आणि मी पंधरा दिवस हॉस्पिटलात होते. बाबांची शाळा सुटेपर्यंत माझ्याजवळ आप्पा. कावीळवाल्याला ऊस चांगला म्हणून ते रोज एक कांडं आणायचे. हातात काही घेऊन न जाण्याचा त्यांचा नेम त्यांनी फक्त माझ्यासाठी मोडला. ऊस सोलून नखाएवढे तुकडे रुमालावर ओळीने मांडायचे. मी तोंड फिरवलं की म्हणायचे, ‘‘बाय, ह्यो तुकडो राजाचो, ह्यो प्रधानाचो. प्रधान उपाशी रवलो तर राज्य कोण चालवतलो?’’ प्रधानासाठी म्हणून मी अख्खं कांडं चघळून टाकायची. आज साखरेचं काहीही तोंडात टाकलं तरी मला तो रुमाल आठवतो.

त्यांचा चाकू म्हणाल तर फुटपाथवरचा. काळी लाकडी मूठ, मुठीला चीर, चिरेवर गिरणीतला सुताचा दोरा घट्ट गुंडाळलेला. धार लावून लावून पातं निम्मं झिजलेलं. दर रविवारी मोरीतल्या दगडावर ते त्याला घासत, खोबरेल तेलाचं बोट फिरवत आणि मिटून खिशात टाकत. तो चाकू ते कधी कुणाच्या हातात देत नसत. मागितलात तर समोर खाली ठेवत, तुम्ही तो उचलायचा. परत करतानाही तसंच. ‘‘हातातून हातात चाकू देव नये, भांडाण होता.’’ हे आपल्याकडे पुष्कळ घरांत म्हणतात आणि घाईत विसरतात. आप्पा कधी विसरले नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर त्यांची यावरून भरपूर टिंगल केली. ते हसायचे आणि चाकू खालीच ठेवायचे.

पुढे मला लोअर परळला नोकरी लागली. बाबांच्या गिरणीपासून दोन गल्ल्यांवर काचेची इमारत, तिचा अकरावा मजला. लग्न केलं नाही. दादरला स्वतःची जागा घेतली, बाबा काही चाळ सोडायला तयार झाले नाहीत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे घडीचा एक चाकू होता. चार-पाच एटीएम कार्डं एकावर एक ठेवावीत एवढाच जाड, पेनासारखा खिशाला अडकवायचा, अंगठ्याने नुसता ढकलला की खट्कन उघडणारा. त्या चाकूने तो कुरिअरची खोकी फोडायचा. किंमत विचारली तर म्हणाला नऊ हजार. ‘‘खोकी फोडायला नऊ हजार?’’ मी म्हटलं. मग त्याने मला पोलादावर अर्धा तास ऐकवलं. मी त्याची चेष्टा केली खरी, पण डोक्यातून ती दोरा गुंडाळलेली मूठ जाईना. त्या वर्षी प्रमोशन झालं आणि मी तसाच चाकू आप्पांसाठी घेतला.

गणपतीच्या आदल्या दिवशी चाळीत गेले. आप्पा गॅलरीत बसून मखराचे पुठ्ठे कापत होते. मी डबी उघडून चाकू पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. ‘‘खाली ठेव गो.’’

‘‘आप्पा, आपल्यात कोण भांडणारे?’’ म्हणत मी त्यांचा हात धरला, चाकू तळव्यावर ठेवला आणि बोटं मिटवली.

त्यांना ते आवडलं नाही, मला दिसलं. पण माझा उत्साह बघून बोलले नाहीत. चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. नखावर धार बघितली. ‘‘पोलाद बरां आसा. कितक्याक घेतलंस?’’

‘‘चारशे.’’

‘‘चारशे? तुका लुटल्यानी गो.’’ बाबा आतून मोठ्याने हसले. मग आप्पा चाकू कानाशी नेऊन पुन्हा उघडत म्हणाले, ‘‘पण आवाज करता ह्यो. पेशंट दचकतलो.’’

तो चाकू डबीत आणि डबी देवांच्या फळीवर गेली. मी दर भेटीत विचारायची, वापरता का? ‘‘वापरतंय गो, वापरतंय.’’ आणि खिशातून निघायचा तो जुनाच. मला राग यायचा. नऊ हजारांचा नव्हे, म्हणजे थोडा त्याचाही, खोटं कशाला बोलू. पण जास्त राग याचा की मी काही चांगलं द्यावं आणि ते नुसतं देवापाशी बसावं.

तीन वर्षांनी बाबा आजारी पडले. रक्ताचा आजार. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सातव्या मजल्यावर त्यांना ठेवलं. पेशंटजवळ राहायचा पास माझ्या नावावर, मी सकाळी आणि ऑफिस सुटल्यावर असायची. दुपारी चार ते सहा भेटायची वेळ, तेव्हा आप्पा. बाबा जेवायला कंटाळायचे, पण आप्पांच्या हातचं अर्धं सफरचंद जायचंच. डॉक्टरांनी इन्फेक्शनला जपा म्हणून बजावलं होतं. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं, ‘‘तो गंजका चाकू बाबांसाठी चालणार नाही. मी दिलेला आणा.’’ ते मान हलवून बरं म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि पाच वाजता वॉर्डात पोचले. आप्पा स्टुलावर, मांडीवर रुमाल, आणि हातात तो दोऱ्याचा चाकू. माझं डोकं फिरलं. दिवसभर रिपोर्ट, फोन, रक्त द्यायला माणसं शोधणं, त्या सगळ्याचा राग एका म्हाताऱ्यावर निघाला.

‘‘मी दिलेला कुठाय?’’

आप्पांनी सोलायचं थांबवलं.

‘‘घरी आहे?’’

‘‘नाय.’’

‘‘मग? विकलात?’’

शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. बाबा ग्लानीत होते. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ हलवले आणि पुन्हा मिटले. मला वाटलं, सापडले. मी म्हटलं, ‘‘तो चाकू घेऊन येणार असाल तर या. नाहीतर येऊ नका.’’

त्यांनी सफरचंदाच्या उरलेल्या फोडी केल्या, बशीत ठेवल्या, रुमालाची घडी घातली आणि गेले. साल त्या दिवशी अर्ध्यावर तुटलेली होती. मी ती उचलून कचऱ्यात टाकली.

नंतरचे दहा दिवस आप्पा आले नाहीत. बाबा रोज विचारायचे, ‘‘आप्पा इलो नाय?’’ मी म्हणायची, येतील. मीच सोलून द्यायची फळं, पण बाबा एक फोड तोंडात धरून ठेवायचे आणि हळूच बाहेर काढायचे. फोन उचलून एक शब्द बोलायचा होता. मी बोलले नाही. चूक त्यांची आहे, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून येत नाहीत, असं मी स्वतःला सांगत राहिले. अकराव्या दिवशी पहाटे बाबा गेले.

बाबांना न्यायच्या वेळी आप्पा आले. शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. तेराव्याला जेवायला बसले, पण पानातलं नुसतं चिवडत होते. मी भात वाढायला वाकले तेव्हा हळू म्हणाले, ‘‘बाय, माझा चुकला.’’ मी म्हटलं, ‘‘असू दे आता.’’ त्या तीन शब्दांत मी त्यांना माफ केलंय असं मला वाटलं होतं. आवाज किती कोरडा होता ते मला माझं मलाच अजून ऐकू येतं.

पावसाळ्याआधी ते गावी भाच्याकडे गेले आणि दिवाळीनंतर तिकडेच वारले. भाचा खोली रिकामी करायला आला तेव्हा मलाही बाबांच्या खोलीची आवराआवर करायची होती. त्याने माझ्यापुढे ती डबी ठेवली. ‘‘मामा बोललेले, ही बायला द्या.’’ आत मखमलीत चाकूच्या आकाराचा खड्डा होता आणि खड्ड्यात चार घड्या घातलेली चिठ्ठी. हॉस्पिटलच्या गेटवरची पावती. ‘फोल्डिंग चाकू, एक, जमा.’ खाली तारीख. मी आप्पांना तो आणायला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी तशीच उठून परळला गेले. गेटवरच्या केबिनमध्ये सिक्युरिटीचा एक वयस्क माणूस बसला होता. पावती बघून म्हणाला, ‘‘हां, ते टोपीवाले आजोबा. मशीन वाजलं. बाहेर काढायला लावलं तर खट्कन उघडला. असलं हत्यार आत सोडता येत नाही, मॅडम.’’

‘‘जाताना परत का नाही दिलात?’’

‘‘पासवाल्या नातेवाइकाची सही लागते. आजोबांना सांगितलं, ज्यांच्या नावावर पास आहे त्यांना घेऊन या. तर म्हणायचे, पोरगी आधीच दमलीय, तिला कशाला यात. ते नंतर रोज यायचे, चारला. रोज तेच, द्या हो, तिने दिलाय. आम्ही नाही म्हटलं की त्या बाकड्यावर बसायचे सहापर्यंत.’’

‘‘रोज?’’

‘‘आठ-दहा दिवस तरी. जाताना विचारायचे, सातव्या मजल्यावरच्या माणसाचं काही कळेल का.’’

मी बाकड्याकडे बघितलं. पत्र्याचं, साधं, गेटच्या आतल्या अंगाला. लिफ्ट तिथून वीस पावलांवर होती. मी रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच्यासमोरून गेले होते.

‘‘आणि त्यांचा तो जुना?’’ मी विचारलं. ‘‘तो कसा आत जायचा?’’

तो हसला. ‘‘त्याला कोण चाकू म्हणणार? आजोबा तो उघडा करून दाखवायचे, सफरचंद कापायचा म्हणायचे. जा म्हणायचो आम्ही.’’

ऑफिसातला तो सहकारी मला अजून विचारतो, तुझे नऊ हजार वसूल झाले का. चाकू उत्तम आहे, त्यात वाद नाही. पोलाद चांगलं, वजन हलकं, धार तशीच राहते. फक्त ज्या दारातून तो न्यायचा होता तिथून तो आत जाऊ शकत नव्हता, आणि आप्पांना ते माहीत असणार. तरीही मी सांगितलं म्हणून त्यांनी तो नेला. नेल्यावर काय झालं ते सांगितलं असतं तर मी चुकले असं ठरलं असतं, म्हणून ते मला सांगितलं नाही. मी त्यांना चोर ठरवलं आणि बाबांना शेवटचे दहा दिवस त्यांच्या मित्रावाचून ठेवलं. हे मी केलं.

गेटवरच्या त्या माणसाने खण उघडला. लायटर, कात्र्या, एक अडकित्ता, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तो. मी सही केली. पुढे ‘नातं’ असा रकाना होता. मी ‘मुलगी’ लिहिलं. पेशंट म्हणून बाबांचं नाव वर होतंच, त्यामुळे त्याला काही वेगळं वाटलं नाही.

त्याने पिशवीतून चाकू काढला आणि माझ्या हातात द्यायला पुढे केला.

मी हात मागे घेतला. ‘‘टेबलावर ठेवा,’’ म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि ठेवला. मग मी तो उचलला.