सत्तावीसची पाटी

माणसाची खरी ओळख म्हणजे त्याची शंभर मीटरची वेळ, असं मानणारा साऱ्या जालना जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो आधी माझा पीटीचा शिक्षक होता आणि आता माझा शेजारी आहे. नाव, गाव, नोकरी, मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, यातलं सरांच्या काहीच लक्षात राहत नाही. वेळ मात्र राहते. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मोठ्या आदरानं त्यांना विचारलं, की आमचे जावई शाळेत कसे होते. सरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "एकोणीस पॉइंट सहा." सासऱ्यांना वाटलं, हे टक्के आहेत. नंतर दोन वर्षं ते मला साधा हिशेबसुद्धा सांगत नव्हते.

सरांचं वय एकाहत्तर. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात एका दोरीत शिट्टी आणि दुसऱ्या दोरीत स्टॉपवॉच. आंघोळीपुरतं तेवढं काढतात, असं माई सांगतात. माई म्हणजे सरांच्या पत्नी. एका जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्या पुढाऱ्याला बोलायला दहा मिनिटं दिली होती. अकराव्या मिनिटाला त्यांनी "शेवटचा मुद्दा" असं म्हटलं आणि मंडपाच्या मागून सरांची शिट्टी वाजली. पुढारी जागच्या जागी बसले. कॉलनीत आजवर एवढा यशस्वी कार्यक्रम झालेला नाही, असं जुनी माणसं अजून म्हणतात. माईंबरोबर कुठं जायचं असलं की सर घरातून त्यांच्याबरोबरच निघत, पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत चाळीस पावलं पुढं गेलेले असत. लग्नाला गेले तर यांचं जेवण होऊन हात धुवून व्हायचे, तेव्हा माई मंडपात पाऊल टाकायच्या. हळू चालणं हे आळसाचं लक्षण आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. मला बघूनच ते बनलं असावं.

आणि घड्याळाच्या बाबतीत हा माणूस बापाचं ऐकणारा नव्हता. आष्टीकडचा एक पोरगा आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहून पळायचा. त्याची निवड व्हायची तर बारा सेकंद लागत होते. पोरगा जिवाच्या आकांतानं पळाला आणि बारा पॉइंट एक आला. हेडमास्तर म्हणाले, सर, बारा लिहा, एका दशांशानं कोणाचं काय जातंय. संस्थाचालकही तेच म्हणाले. पोरगा रडला. सर म्हणाले, "काट्यानं सांगितलं ते सांगितलं. माझा काय संबंध?" पोराची निवड हुकली आणि पुढच्या जूनमध्ये सरांची बदली कुंभार पिंपळगावला झाली. सहा वर्षं तिथं काढली, तक्रार केली नाही. पोरगा पुढं शिकून इंजिनिअर झाला आणि फिरत फिरत आमच्याच भागातल्या रस्त्यांच्या कचेरीत येऊन बसला. सर दिसले की अजून वाकून पाया पडतो आणि उठताना हसत म्हणतो, "सर, एक दशांश."

आता रस्त्याकडे येतो, कारण गोष्ट रस्त्याची आहे. आमची कॉलनी जालन्याबाहेर अंबडच्या रस्त्याला लागून आहे. पूर्वी हा रस्ता एवढा होता की पलीकडच्या माणसाला इकडून चहा विचारता यायचा. मग तो रुंद झाला. सळयांचे ट्रक, मोसंबीचे पिकअप, वडीगोद्रीकडून येणाऱ्या जीपा, सगळ्यांना इथंच पंख फुटतात. मध्ये दुभाजक आहे, पण तो आमच्यापर्यंत यायच्या आधीच संपलाय. घरं रस्त्याच्या या बाजूला आणि बुद्धविहार त्या बाजूला. विहाराची किल्ली माईंच्या कमरेला. संध्याकाळी साडेपाचला माईंनी रस्ता ओलांडायचा, कुलूप काढायचं, मग बायका जमायच्या आणि वंदना व्हायची. वीस वर्षांत हे चुकलेलं नाही. माईंचे गुडघे मात्र चुकायला लागले.

निवृत्त झाल्यावर सर ओसरीत बसून रस्त्याकडे बघायचे. एके दिवशी ते माझ्या दुकानात आले. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. म्हणाले, अर्ज टाइप कर, या रस्त्यावर वेगाची मर्यादा सत्तावीस करून मिळावी. मी म्हटलं, सर, पाट्या वीसच्या असतात, तीसच्या असतात. सत्तावीसची पाटी मी जन्मात पाहिली नाही. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढं ठेवली. शाळेच्या टेपनं त्यांनी रस्ता मोजला होता. वळणापासून विहाराच्या फाटकापर्यंत दोनशे दहा मीटर. आणि खाली रोजच्या नोंदी होत्या: स्पर्धक क्रमांक एक, स्त्री, वय सहासष्ट, गुडघे दोन्ही, अठ्ठावीस सेकंद. स्पर्धक क्रमांक दोन नव्हताच.

"वळणावर दिसलेली गाडी, आमची ही पलीकडं पोचायच्या आत इथं यायला न्हाई पाहिजे," सर म्हणाले. "हिशेब कर. बराबर सत्तावीस येते." मी केला. बरोबर सत्तावीस आली. मग हळू आवाजात म्हणाले, की माईंना यातलं काही सांगायचं नाही. ओसरीत बसून ते दोन महिने बायकोची वेळ घेत होते आणि बायकोला वाटत होतं, नवरा वाट बघतोय.

मी दर महिन्याला अर्ज टाइप करायचो, सर दर महिन्याला तो नेऊन द्यायचे. हा रस्ता आमच्याकडे नाही, असं एक कचेरी सांगायची आणि आमच्याकडेही नाही, असं दुसरी. रस्ता कोणाचाच नव्हता, गाड्या मात्र सगळ्यांच्या होत्या. शेवटी सरांनी शाळेतून उरलेली फक्की काढली आणि पहाटे रस्त्यावर धावपट्टीसारखे पांढरे पट्टे आखायला सुरुवात केली. त्याचा परिणाम विलक्षण झाला. आपल्याकडे रस्त्यावर फक्की दिसली की मंत्री येणार, हे लहान मूलसुद्धा जाणतं. ट्रकवाले गपगुमान हळू व्हायचे, दोन पोलीससुद्धा येऊन उभे राहिले आणि कोण साहेब येऊन राह्यले म्हणून माझ्याच दुकानात विचारून गेले. पण दुपारपर्यंत फक्की टायरांना लागून अंबडला पोचायची, आणि माईंची वेळ संध्याकाळची.

अखेर तो आष्टीचा इंजिनिअरच खटपट करून स्वतः पाहणीला आला. आला तोच नेमका सव्वापाचला. सर, तो आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्यानं नोंदवही हातात घेतली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला. "स्पर्धक क्रमांक एक, स्त्री, वय सहासष्ट, गुडघे दोन्ही, अठ्ठावीस सेकंद." मागं माई किल्ली घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं, सरांनी पाहिलं, त्यानं पाहिलं नाही. तो पुढच्या पानावर गेला. माईंनी पदर कमरेला खोचला, आमच्यामधून वाट काढली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

मी माईंना तसं चालताना कधी पाहिलं नव्हतं. ते चालणं नव्हतंच. वळणावर सळयांचा ट्रक दिसला, सरांनी शिट्टी फुंकली, ट्रकनं हॉर्न दिला आणि माईंच्या मागून, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून तो निघून गेला. माई पलीकडे पोचल्या, मागं न बघता कुलूप काढलं आणि आत गेल्या. सरांचा अंगठा घड्याळावर सवयीनं वेळेवर पडला होता. इंजिनिअरनं विचारलं, किती आले, सर? ही वेळ धरू नको, असं ते म्हणू शकले असते. मी तर मनातल्या मनात त्यांना हात जोडले. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अठरा." अठरा सेकंदांचा हिशेब बेचाळीस येतो. पंधरा दिवसांत कचेरीचं पत्र आलं. चाळीसची पाटी मंजूर.

त्या धावण्यानं माईंचे गुडघे असे सुजले की त्या आठ दिवस अंथरुणाला होत्या. किल्ली सरांकडे आली. त्यांच्या हाताखाली वंदना अकरा मिनिटांत उरकू लागली आणि बायकांनी माईंकडे निरोपावर निरोप धाडले. पत्र घेऊन मी घरी गेलो, तेव्हा सर माईंच्या गुडघ्याला तेल लावत बसले होते. माईंनी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं.

"चार लोकासमोर माझे गुडघे वाचायला लावले तुम्ही," माई म्हणाल्या.

"मी गाड्यांना हळू करून राह्यलो. तुला पळायला कोण म्हणलं?"

"जन्मभर लोकाच्या लेकरांना पळवलं. मला वाटलं, मलाबी पळूनच दाखवायचं असंन."

सरांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रक पाहिला का तू? मी पाह्यला. तवापासून डोळा लागला न्हाई." मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण पत्र माईंच्या हातात होतं. त्यांनी त्याची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. "बोलव त्या लेकराला परत," त्या म्हणाल्या. "मी जशी चालते तशी चालून दाखवते."

ते लेकरू म्हणजे पन्नाशीला आलेला इंजिनिअर. तो दुसऱ्या वेळी आला. या खेपेला माई पदर खोचून निघाल्या नाहीत. एकेक पाऊल टाकत गेल्या, मध्यावर थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला, पुन्हा निघाल्या. सर एका हातानं शिट्टी तोंडात धरून वळणाकडे बघत होते आणि दुसऱ्या हातात घड्याळ होतं. सगळी कॉलनी बघत होती. ज्या बाईनं वीस वर्षांत कोणाला आपल्या हातातली पिशवी धरू दिली नाही, तिला असं सगळ्यांसमोर हळू चालताना बघणं मला सोसवत नव्हतं. मी सरांच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अंगठा पडला तेव्हा छत्तीस झाले होते.

पलीकडून माईंनी विचारलं, "किती?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माईंकडे पाहिलं. "अठ्ठावीस," ते ओरडून म्हणाले. "व्हते तेवढेच हायत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सरांनी घड्याळ गुपचूप इंजिनिअरपुढं धरलं. त्यानं आकडा बघितला, कागदावर छत्तीस लिहिले आणि मान वर करून तोही म्हणाला, "अठ्ठावीस, माई." जाताना तो चहाला माझ्या दुकानात थांबला. अर्धा कप संपवला. मग म्हणाला, "आठ सेकंद सोडले सरांनी. मला एक दशांश न्हाई सोडला." आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. माझ्याही कपातला चहा गार झाला होता.

वीसची पाटी लागली, दोन्ही बाजूंना गतिरोधक आले. छत्तीसचा हिशेब एकवीस येतो, त्यामुळे सरांच्या मते वीस ही एका किलोमीटरची चूक आहे, पण ती त्यांनी मोठ्या मनानं चालवून घेतली. माईंनी विचारलंच, की अठ्ठावीसला सत्तावीस येत होती ना, मग वीस कशी. सर म्हणाले, सरकारात सत्तावीस नसते. पाटी बघून गाड्या हळू होतात असं मी म्हणणार नाही. गतिरोधक बघून होतात, आणि न झाल्या तर शिट्टी आहेच.

ही आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. यंदा दिवाळीनंतर एक दिवस सर साडेपाचला दुकानात आले, गळ्यातलं घड्याळ काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "पळणाऱ्यानं घड्याळ धरायचं नसते." तेव्हापासून ते माईंच्या बरोबर जातात. चाळीस पावलं पुढं नाही, बाजूनं, वळणाच्या अंगाला. त्यांना ते जमत नाही. पाय पुढं पडतो, मग ते तो तसाच हवेत धरतात आणि माईंचं पाऊल पडायची वाट बघतात. मी दुकानातून बाहेर येऊन वेळ घेतो. पलीकडे पोचल्यावर माई विचारतात, "किती?" आणि मी, एकोणीस पॉइंट सहा, रोज खणखणीत आवाजात सांगतो, "अठ्ठावीस."

काल घड्याळात चोपन्न होते. मी अठ्ठावीस सांगितले. माईंनी मान डोलावून कुलपाला किल्ली लावली. सर फाटकात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर या माणसानं माझी चूक सोडली नाही, काल सव्वीस सेकंदांची सोडली. नोंदवहीत मी चोपन्न लिहिले, कारण तिथं खोटं लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. चोपन्नचा हिशेब चौदा येतो. त्याचा अर्ज मी टाइप करून ठेवला आहे, पण सही घ्यायला सरांकडे जायचं माझ्यानं होत नाही.